मास्तरांनी घातलेली तारीख

मेक्सिकोच्या त्या विनोदी नटाचे जुने सिनेमे मला ऑफिसातल्या एका मेक्सिकन बाईंनी दिले. तंबूतल्या खेळांपासून सुरुवात केलेला माणूस. घसरलेली ढगळ पँट, ओठांच्या दोन टोकांना चिमूटभर मिशी. कधी बूटपॉलिशवाला, कधी हवालदार. साहेबासमोर उभा राहिला की असा बोलत सुटायचा की बोलण्याला ना शेंडा ना बुडखा, आणि शेवटी साहेबच गार! तशा बोलण्याला तिकडे त्याच्या नावावरून क्रियापदच रूढ झालंय.

तेव्हा बाबा तीन महिन्यांसाठी गावाहून आमच्याकडे, इथं परदेशात कापेलला आले होते. स्पॅनिश ओ की ठो कळत नसताना ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. "गरीब आहे, पण मोठ्यांना कसा गुंडाळतो बघ," म्हणायचे.

त्यांचा गुडघा दाखवायला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलो. काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली. "पासपोर्ट, फर्स्ट जून. बट दॅट इज मास्तर्स डेट. रिअल इज आफ्टर नागपंचमी..." बाबा थांबेचनात. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख ती. त्यांची आई बाळंतपणातच गेली, त्यामुळे खरी तारीख सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

हे सगळं मी माझ्या इथल्या जिवलग मित्राला सांगितलं. आजीचंही सांगितलं. हसत हसत सांगितलं, हे कबूल करतो. मंडळाच्या गणपतीत त्याला स्किट करायचं होतं म्हणून ते सिनेमेही मीच दिले.

स्टेजवर तो ढगळ पँट घालून आला, काउंटरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "फर्स्ट जून इज मास्तर्स डेट!" हॉलभर हशा. बाबा माझ्या शेजारीच बसले होते.

गाढवाला त्या नटातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तो काउंटरपलीकडच्याची फिरकी घ्यायचा. यानं अलीकडच्या म्हाताऱ्याची घेतली. आजीचं मरण तेवढं गाळलं होतं. म्हणजे कळत होतं त्याला. केसानं गळा कापला माझा!

"अरे, प्रेमानं केलं! काकांनीपण टाळ्या वाजवल्या की," तो नंतर म्हणाला. वाजवल्या होत्या खऱ्या. बाबा कुणाच्याही कार्यक्रमाला टाळ्या वाजवतात.

घरी येताना बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, "त्याला कुणी सांगितलं रे?" मी दोन स्टॉप आधीच उतरायचं बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात गुडघ्यासाठी पुन्हा गेलो. त्याच मुलीनं जन्मतारीख विचारली.

"फर्स्ट जून," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.