मिशामावशींचे हात

माशाच्या दोन्ही कुशींवर सूक्ष्म केसांची रांग असते आणि त्या केसांवर जेलीची इवलीशी टोपी. पाणी हललं की टोपी कलते आणि काळोखातही माशाला कळतं, कोण आलं. पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राला तशीच रांग बसवायची, हे त्या प्रयोगशाळेचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं पट्टीवर एकेक केस उभा करून त्यावर जेलीचा थेंब ठेवायचा, हे मिशामावशींचं. हे नाव प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. मावशींनाही ते आवडायचं. एकोणीस वर्षांत एक केस वाकडा बसला नव्हता.

आणि नवे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पट्ट्या पाणी ओळखतच नाहीत. मावशींचे हात थरथरतात आता. सोमवारपासून स्टोअर सांभाळा, मावशी. आराम करा."

आराम! घरी त्यांनी पातेलं असं आदळलं की नवरा पेपर टाकून आत आला आणि सगळं ऐकून म्हणाला,

"अगं, बरंच झालं. पाय पसरून बसशील."

"पाय तुम्ही पसरा! माझ्या हातांना नावं ठेवतो, आणि तुम्हाला पायांचं सुचतंय?"

मावशींना रात्रभर एकच गोष्ट खुपत होती. आपण देतो तेव्हा टपोरे असलेले थेंब दुसऱ्या दिवशी मनुकांसारखे का दिसतात? मधे होतं काय? सरांनी सुरू केलेली नवी शिस्त. प्रत्येक पट्टी स्पिरिटनं स्वच्छ धुवायची! स्पिरिट जेलीतलं पाणीच शोषून घेत होतं. टोपी सुकली की कलणार काय, कपाळ?

सकाळी त्यांनी दोन पट्ट्या टाकीत सोडल्या. एक धुतलेली, एक न धुतलेली. सर्वांना बोलावलं आणि पाण्यात चमचा हलवला. पडद्यावर धुतलेल्या पट्टीच्या संकेताची रेघ आडवी झोपलेली. दुसरीची मात्र लाटेगणिक झोकात वरखाली.

सर मावशींच्या कानाशी वाकून पुटपुटले, "हात ठीक आहेत तुमचे. स्टोअरचं राहू द्या."

"हात ठीकच होते. काल सगळ्यांदेखत म्हणालात ना? मग आज कानात कशाला? तिथंच उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा."

सरांचे कान लाल झाले. पण ते म्हणाले, मोठ्यानं. "चूक धुण्याची होती. माझी होती."

मावशी टेबलाशी बसल्या, चिमटा उचलला. आता मात्र हात खरंच थरथरत होता. रागानं. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जरा थांबा. राग उतरू दे. वाकडा केस मी बसवत नाही."