कोलशेतमधली गृहभेट

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बारावीपर्यंत तालुक्याच्या गावात शिकले आणि पुढचं सगळं शिक्षण सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने झालं. म्हणून ठाण्यात पालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटक म्हणून कंत्राटी नेमणूक मिळाली तेव्हा मनात एकच विचार आला. ज्या टेबलासमोर आपण कागद घेऊन उभे राहिलो, त्याच टेबलामागे आता बसायचंय, तर नीट बसायला हवं.

काम समजायला सोपं होतं. कुणी विधवा, दिव्यांग, निराधार माणूस मदतीसाठी अर्ज करतो. मी त्याच्या घरी जाते, परिस्थिती पाहते आणि अहवाल लिहिते. त्या अहवालावर यादी ठरते.

पहिल्याच महिन्यात कोलशेतच्या खाडीकडल्या वस्तीतून एक अर्ज आला. अर्जदार बाई कोळीण, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, टोपली घेऊन सोसायट्यांतून मासळी विकायची. तिच्या मुलीला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू यायचं, तिच्यासाठी कानाची मशीनं हवी होती. मुलगी हुशार. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि नौपाड्यातल्या एका कॉलेजात प्रवेशही मिळाला होता. पण कापूरबावडीला बस बदलायची, तो मोठा रस्ता ओलांडायचा, आणि मागून आलेला ट्रक तिला कळायचा नाही. अर्ज देतानाच त्या मावशींनी मला बजावलं होतं, "मशीन लागली तं कॉलेज. नायतं मी एकटी धाडनार नाय. आनि रोज हिच्या मागं मी फिरले, तं टोपली कोन फिरवनार?"

कॉलेज सुरू व्हायला महिना उरला होता. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "मावशी, उद्या अकराला घरी येते." न सांगता कुणाच्या दारात जाऊ नये, अशी मला घरची शिकवण होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोफ्याच्या खुर्चीवर बसवलं. समोर मोठा टीव्ही, कोपऱ्यात दोन दारांचा फ्रिज, त्यावर क्रोशाचा रुमाल. मावशींच्या गळ्यात जाडजूड सोन्याचा हार आणि हातात पाटल्या होत्या. फुलाफुलांच्या काचेच्या कपातून चहा आला, बरोबर तळलेले बोंबील. मुलगी भिंतीला टेकून माझ्या ओठांकडे बघत होती.

"बस गो बाय, उनाची आलीस. अजून दोन घे. हापिसात काय खातंस तू, काड्याच झाल्यात तुज्या."

मी चार बोंबील खाल्ले आणि ऑफिसात परत येऊन प्रामाणिकपणे लिहिलं, 'घरात सोफा, फ्रिज, मोठा टीव्ही. अर्जदाराच्या अंगावर सोन्याचे दागिने. परिस्थिती समाधानकारक. प्राधान्याची आवश्यकता दिसत नाही.' नियमाप्रमाणे काम केल्याचं समाधान घेऊन मी घरी गेले. मावशींचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं, म्हणजे मशीनं पुढच्या वर्षी, तीही मिळाली तर. फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

आठवड्याने त्याच गल्लीत, दोन घरं पलीकडे, एका आजींच्या ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रासाठी पत्त्याची खात्री करायला जायचं होतं. दुसरं काम लवकर आटोपलं म्हणून फोन न करताच गेले. आत पाऊल टाकलं आणि थांबले. तोच सोफा. तोच फ्रिज, त्यावर तोच रुमाल. आजी त्याच कपातून चहा पीत होत्या.

"आजी, हा फ्रिज..."

"आमचाच गो. तू येनार म्हनून तिच्या घरा गेलता फिरायला." आजी मनापासून हसल्या. "चार जनींनी उचलला. तिथं वायर लावायला पलग पन नवता, नुसताच हुबा केलता. टीवी समोरच्या घरचा. नि सोनं तिच्या जावेचं."

"पण कशासाठी?"

आजींना माझा प्रश्नच समजला नाही. "हापिसातली बाय पयल्यांदा दारान येते, तिला काय खाली बसवायची? आमच्यात पोरीला बघायला पावनं येतात तवा पन सगल्यांचं सामान त्या घरा जातं. कोनाकडं काय नाय, ते पावन्यांना कशाला दाखवायचं?"

मी तिथेच सोफ्यावर बसले आणि मला आमचं घर आठवलं. वसतिगृहात माझा प्रवेश ठरायचा होता, तेव्हा चौकशीला एक गुरुजी आले होते. आईने शेजारच्या काकूंची स्टीलची ताटं मांडणीवर लावली होती आणि मामाचं घड्याळ वडिलांच्या मनगटावर चढवलं होतं. गुरुजींनी ताटांचं कौतुक केलं, मग हात धुवायचे म्हणून सरळ मागच्या अंगणात गेले. तिथे चूल होती, आणि छपराला आतून लावलेली खताची पोती. परत येऊन त्यांनी चहा घेतला, कशाबद्दल काही विचारलं नाही. मला प्रवेश मिळाला. हे सगळं ज्या घरात घडलं त्याच घरातून मी आले होते, आणि तरी कोलशेतमध्ये चार बोंबील खाऊन फसले.

तशीच मावशींकडे गेले. घर आता रिकामं होतं, एक चटई आणि एक पत्र्याची पेटी. म्हटलं, "मी पुन्हा अहवाल लिहिते, की सामान उसनं आणलेलं होतं."

मावशींचा चेहरा उतरला. "तसं लिवू नको. यादीन येल, सगल्यांना कलंल. पोरीचं लगीन व्हायचंय अजून. नाय भेटली मशीन तरी चालंल."

"आणि कॉलेज?"

त्या टोपली घासायला लागल्या.

रात्रभर विचार केला असं काही नाही, मला काय करायचं ते परतीच्या बसमध्येच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी दिलं. त्यात मावशींविषयी एक शब्द नव्हता. लिहिलं होतं, 'पहिल्या भेटीत मी घरातील वस्तूंच्या मालकीची विचारणा केली नाही. चूक माझी आहे. फेरचौकशी व्हावी.'

साहेब निवृत्तीला आलेले, बोलायला तिखट. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"फ्रिज उघडून पाहिलात?"

"नाही, सर."

"मग पाहिलंत काय? रुमाल?" चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "कंत्राटी माणसं स्वतःची चूक लिहून देत नाहीत हो सहसा. पुढच्या वर्षीची नेमणूक असते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"उद्या मी येतो. आणि फोन करू नका."

आम्ही पोचलो तेव्हा मावशी नुकत्याच विक्रीहून आल्या होत्या. साहेबांना पाहून त्यांनी गडबडीने पदर सावरला आणि गल्लीत तोंड काढून हाक मारली, "आवो, बसायला धाडा ओ कायतरी!"

दोन घरांपलीकडून आजींचा खणखणीत आवाज आला, "सोफा आनू का नुसती खुर्ची चालंल?"

मावशींनी डोळे मिटून घेतले. मी जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनी चपला काढल्या, बाहेर वळून सांगितलं, "आजी, काही आणू नका. खुर्चीत बसलं की माझी पाठ धरते," आणि चटईवर मांडी घातली.

त्यांनी सामानाविषयी काहीच विचारलं नाही. मुलगी पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. साहेबांनी तिला हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग आणखी मोठ्याने. तिचा हात सुपातच फिरत होता. साहेबांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि अहवाल स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्यात फक्त मुलीविषयी होतं. पुरवणी यादीत तिचं नाव वरचं होतं, आणि कॉलेज सुरू व्हायच्या चार दिवस आधी खोपटजवळच्या एका हॉलमध्ये तिला मशीनं बसली.

माझी नेमणूक पुढेही चालू राहिली. आता मी फोन करूनच जाते. ज्याला घर सजवायचं असेल त्याने खुशाल सजवावं. मी चहा घेते, कौतुक करते, आणि मग हात धुवायला मागच्या दाराची वाट विचारते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी कापूरबावडीच्या थांब्यावर होते. मला कल्याणची बस हवी होती. मायलेकी उतरताना दिसल्या. मुलगी पुढे, मावशी डोक्यावर टोपली घेऊन चार पावलं मागे. मागून एक रिक्षा वेगाने हॉर्न देत आली. मावशींचा हात मुलीचा दंड धरायला पुढे गेला, पण मुलगी त्याआधीच बाजूला झाली होती. ती थांबली, वळून रस्ता बघितला, गाड्या जाऊ दिल्या आणि एकटीच पलीकडे गेली.

मावशींनी तोच हात वर नेऊन डोक्यावरची टोपली सारखी केली. मग मला बघून म्हणाल्या, "चल गो बाय, निंगते. ऊन झाला तं टोपलीतला मावरा तापंल." आणि मुलगी गेली त्याच्या उलट्या दिशेने, सोसायट्यांकडे चालू लागल्या.