गुलाबी फुललेलं निळं झाड

माझ्या बहिणीनं झाड बदललं नव्हतं.

आज सकाळी ती गेली. सुभद्राअक्का. नव्वदी केव्हाच ओलांडली होती. फोन आला तेव्हा मला पहिलं ते झाडच आठवलं.

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांतली. आम्ही वऱ्हाडातल्या मालेगाव जहांगीरचे. गावाला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा. अक्का तेव्हा चौदा-पंधराची, मी तिच्या मागे मागे फिरणारी धाकटी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाल्या. निघताना एक कुंडी त्यांनी अक्काच्या हवाली केली.

हायड्रेंजिया.

काकूंचे वडील निलगिरीत चहाच्या मळ्यावर कारकून होते. त्यांच्या हातचं हे कलम. ते वारले, आणि त्यांचं म्हणून काकूंकडे एवढंच उरलं.

"निळे गुच्छ येतात गं. अण्णांचा जीव होता त्यावर. सांभाळशील ना?"

"तुमी बाळाले पाहा काकू. झाडाले मी पाह्यतो."

आता थोडं शास्त्र. आयुष्यभर बॉटनी शिकवली आहे, तेव्हा एवढं सोसाच.

हे थंड डोंगरातलं झुडूप. पानं रुंद, त्यामुळे त्यातलं पाणी झपाट्यानं उडतं. आमच्याकडच्या उन्हात ते पाहता पाहता मान टाकतं. अक्कानं ते माजघरात पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन, पुढे दिवसभर सावली. कुंडीभोवती ओलं पोतं. मातीत बोट खुपसून ओल पाहिल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हा तिचा नियम.

माय वैतागायची. "लेकरू हाये का ते? आता पाळन्यातच टाक त्याले!"

"टाकलं असतं माय. पन पाळना हिनं मोडला."

ही म्हणजे मी.

कुंडी लहान पडली, तेव्हा अक्कानं मोठ्या कुंडीत मळ्यातली काळी माती भरली. वर अधूनमधून चुलीची राख. आमच्या घरात राख हेच औषध आणि राख हेच खत. वांग्याला राख, कांद्याला राख. पाहुण्या झाडाला तिनं घरातलं सगळ्यात चांगलं ते वाढलं.

होळीच्या सुमारास कळ्या आल्या. काकू बाळाला घेऊन परतल्या, आणि गुच्छ उमलला.

गुलाबी.

काकू पाहतच राहिल्या. "सुभद्रा, ते मेलं का गं? घाबरून दुसरं आणलंस?"

"नाही काकू. हे तेच हाये."

"अण्णांचं निळं होतं."

"मले मालूम हाये. पन हे तेच हाये."

मालेगावात दुसरं हायड्रेंजिया कुठून मिळणार? पण मळ्याची माणसं कुठूनही रोप पैदा करतील, असं काकूंना वाटलं असावं.

घरी मायनं समजावलं. "म्हन ना, मेलं म्हून. माफी माग अन् मोकळी हो. काहून जिद्द करून राह्यली?"

"मेलं नाही तं मेलं कसं म्हनू?"

काकू मुळीच रागावल्या नाहीत. "असू दे," एवढंच म्हणाल्या आणि कुंडी घेऊन गेल्या.

त्या "असू दे"नं अक्का आजारी पडल्यासारखी झाली. न केलेल्या गोष्टीची माफी मिळाली होती तिला. पुढे डॉक्टरांची बदली झाली, आणि तो विषय तिथंच राहिला.

मी नागपूरला कॉलेजात गेले. एका लेक्चरला सर म्हणाले, हायड्रेंजियाची निळाई मातीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर अवलंबून असते. माती आम्ल असेल तर मुळांना ते शोषता येतं आणि फूल निळं होतं. माती अल्कधर्मी असेल तर ते मातीतच अडकून राहतं, आणि तेच झाड गुलाबी फुलतं.

आमची काळी माती अल्कधर्मी. विहिरीचं पाणी जड. आणि राख? ती तर अल्कधर्मीच, तिनं कळसच केला!

सुट्टी लागताच मी अक्काच्या सासरी, मेडशीला गाठलं तिला.

"पानी पी आधी," ती म्हणाली. "मंग सांग."

सगळं शांतपणे ऐकलं तिनं. मला वाटलं, आता आनंदानं नाचेल.

"म्हंजे झाड तेच, पन रंग मीच बदलला. काकूले सांगाले पायजे."

काकू तेव्हा अकोल्याला स्थायिक झाल्या होत्या. आम्ही दोघी गेलो. मी माझं लेक्चर पुन्हा दिलं, उत्साहानं, हातवारे करत. बोलता बोलता काकूंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि थांबले.

"म्हणजे ते अण्णांचंच होतं?"

"हो," मी म्हणाले.

"बदलीच्या वेळी मी ते तिथंच सोडून आले गं. परकं समजून."

त्यांनी पदर तोंडाला लावला. अक्का उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात धरून राहिली.

परतताना एसटीत मी विचारलं, "आता तरी बरं वाटलं ना तुला?"

"माह्यं खरं झालं, पन तिच्या बापाचं झाड गेलं," ती म्हणाली. "बरं कसं वाटन?"



अक्का, तुझं म्हणणं मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. अ‍ॅल्युमिनियम नंतर कळलं.

सुखानं जा. तुझ्या धाकटीचा भरल्या मनानं नमस्कार.