चंदनाखालचे लेबल

तुळजाबाईंना पाहण्याआधी मी त्यांचा आवाज ऐकला. शहरातल्या नुंगंबाक्कम भागातल्या एका घराच्या ओसरीवर सकाळी थांबले होते. आतून कुणीतरी हलक्या सुरात काही म्हणत होते. मला वाटले, पूजा चालली आहे. आत गेले तर बाई औषधाची बाटली उजेडात धरून तिच्यावरचे लेबल वाचत होत्या.

रुग्णालयातले शिक्षण संपवून घरोघरच्या रुग्णसेवेसाठी मी बाईंच्या हाताखाली रुजू झाले, तो हा दिवस. बाईंची रीत ठरलेली होती. औषध उचलताना लेबल वाचायचे, मात्रा भरताना वाचायचे, परत ठेवताना वाचायचे; आणि रुग्णाला ऐकू जाईल असे. नियम आम्हा सर्व परिचारिकांना शिकवलेलाच असतो. मोठ्याने वाचणे मात्र मला जुनाट वाटले, आणि तसे मी बोलूनही दाखवले. बाई रागावल्या नाहीत. वॉर्डात आपली चूक पकडायला चार माणसे असतात, घरात आपण एकट्या असतो, एवढेच म्हणाल्या.

त्या घरातले रुग्ण स्वामीराव, निवृत्त कारकून. घराणे मूळचे तंजावरचे. मधुमेहासाठी त्यांना रोज न्याहारीपूर्वी वीस युनिट इन्सुलिन द्यावे लागे. कुपी माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवलेली असे. महिनाभरात ते काम माझ्या हातात इतके बसले की कुपीकडे बघावेसेही वाटेना.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी आम्ही दोघी गेलो. समुद्राकडून आलेले धुके अजून विरले नव्हते. त्यात उदबत्तीचा धूर मिसळून सगळे घर पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. देवापुढे विळी, कात्री, नातवाची पेन्सिल, आणि त्यांच्यामध्ये इन्सुलिनची कुपी. स्वामीरावांच्या पत्नीने, आम्ही त्यांना मामी म्हणतो, कुपीलाही चंदनाचा जाड लेप लावून वर कुंकू ठेवले होते. त्यांचे म्हणणे, नवऱ्याचा जीव जिच्यावर चालतो ती कुपीही आयुधच.

मी सिरिंज उकळून घेतली, कुपी उचलली आणि नेहमीप्रमाणे अर्धा सी.सी. भरायला सुई रबरी बुचाशी नेली.

"काय लिहिलंय?" बाईंनी मागून विचारले.

"कालचीच कुपी आहे."

"कालचं विचारत नाही मी. आज काय लिहिलंय ते वाचा."

वाचण्यासारखे काही दिसत नव्हते. मी ओल्या कापसाने चंदन पुसले. आकडा वर आला. आदल्या दिवसापर्यंतची कुपी एका सी.सी.त चाळीस युनिटची होती, ही ऐंशीची. जुनी संपत आली म्हणून स्वामीरावांच्या मुलाने आदल्याच संध्याकाळी नवी आणली होती. अर्ध्या सी.सी.त चाळीस युनिट गेले असते. ठरलेल्याच्या दुप्पट, आणि तेही रिकाम्या पोटी. समोर स्वामीराव बाही वर करून निवांत बसले होते.

पुढचा मिनिटभर मला स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. धूर, घंटेचा आवाज, आणि बाईंच्या आवाजात हळूहळू वाचला जाणारा तो आकडा. मग मी स्वतः वाचले, पाव सी.सी. भरले, दिले, परत वाचले.

बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि काही झाकलेही नाही. घडले ते माझ्याच हाताने रुग्णाच्या वहीत लिहायला लावले, डॉक्टरांना आणि घरच्यांना स्वतः सांगितले. मामी रडू लागल्या. आपल्या पूजेने आज घात झाला असता, असे त्यांना वाटले. बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"पूजा करा मामी, पण लेबल सोडून. नाहीतर ते चंदन मला लावा. माझ्यावर वाचण्यासारखं काही लिहिलेलं नाही."

रडता रडता मामी हसल्या. स्वामीरावही हसले, आणि न्याहारीला इडली मिळेल ना, म्हणून विचारू लागले.

त्या दिवसापासून मी लेबल मोठ्याने वाचते. स्तुती करणे मला जमत नाही. बाईंविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखे आहे ते एवढेच.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्तच्या सत्काराला स्वामीराव पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि बाईंच्या कपाळाला लावण्यासाठी मामी घरून चंदन उगाळून आणणार आहेत. बाईंना उत्तम आरोग्य लाभो, आणि या शहरातल्या घरांतून सकाळच्या उजेडात तो हलका आवाज आम्हांला अजून पुष्कळ वर्षे विचारत राहो: आज काय लिहिलंय?