खिरीचा पहिला घास

लढाईच्या दिवसांत आमच्या घरात साखर दोनच ठिकाणी होती: रेशनच्या डब्यात तळाशी आणि माझ्या अंगात काठोकाठ. कल्याणच्या डॉक्टरांनी भात सोडायला सांगितले. (मुरबाडच्या माणसाने भात सोडून खायचे तरी काय?) शेवटी म्हशाच्या जत्रेत एका वैदूकडून बेडकीचा पाला आणला आणि जेवणाआधी चावू लागलो. त्याने साखर किती उतरली, देव जाणे. थकवा मात्र होता तेवढाच राहिला.

अशात आमच्या यमुनेला बघायला शेणवे गावची मंडळी यायची ठरली. आधीची दोन स्थळे मोडली होती. हे हातचे जाऊ द्यायचे नव्हते. बेत गुळाच्या खिरीचा. लग्नासाठी राखलेल्या छोट्या ढेपेतला गूळ मी स्वतः तराजूत तोलून दिला. पंगत बसण्याआधी गोडाचा पहिला घास घरधन्याने चाखायचा, अशी आमची रीत. मी पाला चावला, तोंड पुसले आणि चुलीपाशी गेलो.

"अगो, यात गूळ कुठाय?"

"तुमीच तोलून दिला ना!" बायको म्हणाली.

"मग तराजू खोटा. घाल आणखी."

तिने घातला. मी चाखले. निव्वळ पेज!

"आणखी!"

"अवो, पुरे. पावने हायेत, मुंगळे नाय!"

"पोरीच्या सोयरिकीत हात आखडू नकोस!" (हे मी बोललो. चहाची साखर चिमटीने मोजणारा मी!)

अखेर सगळी ढेप खिरीत गेली. डाव पातेल्यात उभा राहू लागला, तरी मला ती पेजच लागत होती. पाहुणे बसले होते, म्हणून तशीच वाढली.

भावी व्याही धोंडूभाऊंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटले, तृप्ती! मग त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा संपवले. पानात टाकणे म्हणजे यजमानाचा अपमान, म्हणून बिचारे खात राहिले. नवऱ्या मुलाची मिशी ओठाला चिकटली.

"वाढ गो आणखी!" मी म्हणालो.

"नको!" सगळी पंगत एका आवाजात ओरडली.

बायकोला काय वाटले कोण जाणे, तिने माझ्या पाल्याच्या पुडीतले एक पान चावले आणि डावाची खीर चाटली.

"अगो बाय! मातीच की ही! अवो, तुमचा पाला जिभेवरचं गोड मारतोय!"

मी पंगतीसमोर हात जोडून सारे सांगितले. धोंडूभाऊंनी आणखी एक तांब्या संपवला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पन लग्नात गोडाला तुमी हात लावायचा नाय. आचारी आमचा येल."

लग्नासाठी मेव्हण्याकडून नवी ढेप आणली. पाला मी आठवडाभर आधीच बंद केला. रीत म्हणून आचाऱ्याने पहिला घास मला दिला. चाखला, तर गूळच नाही!

"अहो, गूळ राहिला!"

सगळा मांडव हसला. "व्याही, आधी पाला थुका!" धोंडूभाऊ ओरडले.

बायकोने डोळे वटारले. मला वाटले, पाला अंगात मुरला असेल. आपली जीभ, तिचा काय भरवसा!

ढेप कोठीत दोरीसकट तशीच पडली होती, हे संध्याकाळी कळले; पंगतीने यजमानाचा मान राखून मुकाट खाल्ले होते. तोवर "गोड झालीय, घ्या की आणखी!" म्हणत ती बिनगुळाची खीर साऱ्या पंगतीला मीच आग्रहाने वाढून आलो होतो!