काळ्या किल्ल्याच्या दारातून परतणारे सर

जिंकायला एकच बोट हलवायचं शिल्लक असताना शांतपणे उठून चहा ठेवायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच माडीवर चार वर्षं भाड्यानं राहत होता. आम्ही त्यांना नुसतं 'वरचे सर' म्हणायचो. क्लासमध्ये बारावीच्या पोरांना गणित शिकवायचे. लातुरात क्लासचे सर म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवाळीपर्यंत पोर्शन संपवायचा म्हणजे संपवायचा, मग उजळणी, मग पेपरांवर पेपर. आमचे सर तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच संपवायचे. अशा माणसाच्या खोलीत, टीव्हीला जोडलेल्या काळ्या खोक्यात, एकवीस व्हिडिओ गेम होते आणि त्यांतला एकही पुरा झालेला नव्हता. मी एकेकाचं नाव घेऊन विचारलंय.

बायको-लेकरं हिमायतनगरला, त्यामुळं रविवारी दुपारी सर एकटेच. मी धपाट्यांचा डबा घेऊन जिना चढायची. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. पण एकट्या पुरुषाच्या घरात असणार काय? माझ्या डब्यातून कधी दोन पेरू यायचे, कधी मूठभर फुटाणे, एकदा तर खडूंची कोरी पेटी. आणि गेम अर्धे सोडण्याच्या त्यांच्या तऱ्हा तरी किती! एक त्यांनी परीक्षेच्या दिवसांत बाजूला ठेवला. दोन महिन्यांनी उघडला तर उडी कोणत्या बटणाला आणि ढाल कोणत्या, सगळं विसरलेले. मग पुन्हा पहिल्यापासून. असा तो सहा वेळा पहिल्यापासून झाला. दुसऱ्यात राजाचा खून कुणी केला ते शोधायचं होतं. सरांनी राजवाड्यामागं रिकामी जागा पाहिली आणि भोपळे लावले. खुनी अजून मोकाट आहे, भोपळे मात्र दृष्ट लागण्यासारखे.

मी अडकले ती तिसऱ्या गेममधल्या पांढऱ्या दाढीच्या घोडेस्वारात. त्याच्या लेकीला एका मांत्रिकानं काळ्या किल्ल्यात कोंडलेलं. सरांनी त्याला तीन वर्षं डोंगरदऱ्यांतून हिंडवला, आणि किल्ल्याचं दार दिसलं रे दिसलं की घोडा वळवून तळ्यावर.

"अहो सर, लेक आत कोंडून पडलीय आणि हा बाप मासे धरून राहिलाय?"

"घोडा थकलाय की आजी. पाणी पाजून राहिलो."

"घोडा मागच्या रविवारीबी थकला होता."

"त्याचं आता वय झालंय," सर म्हणायचे आणि माझ्या गुडघ्यांकडं बघायचे.

मला शेवटाची घाई जन्मापासूनची. तरुणपणी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची. नायिका जगणार असेल तरच पुढचे कष्ट घ्यायची. नवी नवरी असताना अहमदपूरहून एसटीनं लातूरला येताना चाकूर मागं पडलं की पिशवी काखेत मारून दाराशी उभी. आमचे हे म्हणायचे, "बस खाली. गाडीच्या आधी पोचून करणार काय तू?" पण नाही. तासभर दांड्याला लोंबकळत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिव्या खात उभी असलेली ती शहाणी आठवली की आजही तिला एक चापट द्यावीशी वाटते.

यंदा सरांच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली. तिथून घर जवळ, म्हणून सरांनी स्वतःच मागून घेतली. गोष्ट आनंदाचीच, पण मला घोर लागला तो त्या कोंडलेल्या लेकीचा. सर गेले तर तिचं काय झालं ते मला सांगणार कोण? मी बजावलं, "जायच्या आधी तिला सोडवा. माझे गुडघे काही नांदेडला यायचे नाहीत."

"सोडवू की," सर म्हणाले.

शेवटच्या रविवारी सामान बांधून झालं होतं, टीव्ही तेवढा राहिला होता. सर सतरंजीवर, मी खुर्चीच्या काठावर. घोडा दाराशी आला आणि या खेपेला वळला नाही. पडद्यावर एक खूण लुकलुकू लागली. सरांचा अंगठा बटणावर टेकला. फळ्यावर तीन ओळींत गणित सोडवणारा तो हात, पण दाबेना.

"पोर्शन संपतो त्या दिवशी पोरं टाळ्या वाजवतात, आजी," ते पडद्याकडं बघतच म्हणाले. "मग परीक्षा, मग पुणं, मुंबई. रस्त्यात भेटली तर पाया पडतात, पोरं चांगली हायत. पण परत वर्गात येऊन कोण बसतं? अठरा वर्षं मी वेळेच्या आधी संपवून राहिलो. हे एक कुठंतरी चालू हाय म्हटलं की बरं वाटतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही म्हणता तर दाबतो."

आणि त्यांनी खरंच दाबलं असतं. माझ्यासाठी, एका घरमालकिणीसाठी, तीन वर्षं जपलेलं ते दार उघडून टाकलं असतं. माझ्या आतली ती एसटीतली शहाणी पिशवी काखेत मारून केव्हाची दाराशी उभी होती. मी तिला म्हटलं, बस खाली.

"घोड्याला आज पाणी पाजलं का?" मी विचारलं.

सरांनी घोडा वळवला. तळ्यावर ऊन छान पडलं होतं. आम्ही तासभर मासे धरले.

सर निघताना मी वाटेसाठी धपाटे बांधून दिले, त्याच डब्यात. डबा अजून आलेला नाही. सून दोनदा म्हणाली, "आई, चांगला घट्ट झाकणाचा आहे, फोन करून मागवा की." मागवला तर सर तो लगेच भरून पाठवतील, वेळेच्या आधी. म्हणून मी मागत नाही.