आमच्या गल्लीत न राहणारे भाडेकरू

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आमची एक खोली आहे. मी यार्डातच एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात पावत्या फाडायचं काम करतो. मुलगी पहिलीत जायची होती त्या वर्षीची ही गोष्ट.

एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी पांढरी कार थांबली. ती आत शिरणं शक्यच नव्हतं. नवरा-बायको उतरले आणि गटार ओलांडत थेट आमच्या दारात आले.

"अहो, इथे खोली भाड्याने मिळेल का?" बाईंनी विचारलं.

"कुणाला हवीय?" माझी बायको म्हणाली.

"आम्हालाच. म्हणजे राहायचं नाहीये. फक्त अ‍ॅग्रीमेंट करून हवंय."

आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एक मोठी इंग्रजी शाळा आहे. आरटीईत तिथल्या काही जागा गरीब आणि मागास घरांतल्या मुलांना मिळतात. फी सरकार भरतं, नावं सोडतीत निघतात, आणि घर शाळेजवळ असलं तर आधी विचार होतो. शाळा जवळ असणं हे आमच्या गल्लीचं एकमेव वैभव. हे लोक नेमकं तेच मागायला आले होते. उत्पन्नाचा दाखला त्यांनी आधीच कुठून तरी 'करून घेतला' होता.

बायकोने पाणी आणलं. बाईंची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली, मग ग्लासावर आली. "नको, आत्ताच प्यायलो," त्या म्हणाल्या. पुढच्याच मिनिटाला गृहस्थांनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि आमच्या देखत घटाघटा पाणी प्यायले. पत्ता आमचा चालत होता, पाणी नाही.

"आमच्या मुलीचाही अर्ज त्याच शाळेत आहे," बायको म्हणाली.

"अरे वा! मग दोघं एकाच वर्गात येतील," गृहस्थ म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता, हे मला जास्त लागलं.

मी नाही म्हणालो. ते शेजारच्या काकांकडे गेले. काका पूर्वी यार्डात हमाली करायचे, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. त्यांनी सही केली. त्यांना काय मिळालं ते मी कधी विचारलं नाही.

सोडतीत त्या जोडप्याच्या मुलाचं नाव लागलं. आमची मुलगी प्रतीक्षा यादीत राहिली, अगदी वरच. बायकोने तो मेसेज पाहिला, मोबाईल पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

काही दिवसांनी पडताळणीसाठी एक साहेब आले. काका उंबऱ्यात बसून म्हणाले, "राहत्यात की. सध्या गावाला गेलेत." साहेबांनी आत डोकावलं. एक बाज, एक शेगडी, दोरीवर काकांचं धोतर. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही शेजारी ना? राहतात का ते इथे?"

काका माझ्याकडे बघत होते.

"नाही. एक दिवसही राहिलेले नाहीत."

"लेखी द्याल?"

"देतो."

तिथेच, त्यांच्याच पेनाने लिहून दिलं. काका उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत.

त्याच आठवड्यात ते गृहस्थ माझ्या ऑफिसात हजर झाले. आवाज एकदम मऊ.

"तुम्ही शिकलेले दिसता, म्हणून सांगतो. पैसे सरकारचे. तुमच्या खिशातून जातायत का? उलट टॅक्स आम्ही भरतो, म्हणजे ते आमचेच."

"मग फीच भरा ना."

"भरू शकतो हो! पण मिळतंय तर सोडायचं कशाला?" मग जरा पुढे वाकून म्हणाले, "आणि खरं सांगू? तुमच्या मुलीला तिथे अवघडच गेलं असतं. ती मुलं वेगळी असतात. मी तिच्या भल्याचंच बोलतोय."

मी रोज सडक्या कोबीच्या वासात बसून डबा खातो. त्या दिवशी डबा उघडवला नाही.

त्यांचा प्रवेश रद्द झाला. आम्हाला वाटलं, आता आपला नंबर. आम्ही दोघं शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेलो.

"फेऱ्या संपल्या. पोर्टल बंद झालंय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"पण जागा रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग राहील रिकामी."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी कामावर जाताना पाहिलं, तर तीच पांढरी कार गेटपाशी उभी, आणि त्यांचा मुलगा नवा गणवेश घालून उतरत होता. फी भरली होती त्यांनी. सहज भरली असणार. मुलाचं दप्तर सावरत बाईंनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. मी रस्त्याच्या कडेला थुंकलो. आयुष्यात कधी असं केलं नव्हतं.

आमची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते. तिच्या बाई चांगल्या आहेत, ती भराभर वाचायला लागलीय. बायको तिला मागच्या रस्त्याने, मोठा वळसा घालून नेते. एकदा मी म्हणालो, "त्या शाळेच्या गेटसमोरून जवळ पडेल की."

"माहितीय," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून मागच्याच रस्त्याला लागली.